स्टॉर्मचा सेल्फ

दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या बॉडीची एक भारतीय स्पोर्ट्स कार गोव्यात तयार होत असे, हे विदर्भात फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचं नाव सॅन स्टॉर्म. सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास ती आणली. तिच्या जडणघडणीत फ्रान्सच्या एका कंपनीचा हात होता आणि इंजिन रेनोचं होतं, ११४९ सीसीचं, साधारण ६० अश्वशक्तीचं. वजनाला हलकी असल्यामुळे तेवढ्या ताकदीतही ती चपळ धावे. गाड्या थोड्याच बनल्या आणि पुढे उत्पादन बंद पडलं. आज ज्यांच्याकडे ती आहे त्यांना तिच्या एकेका भागासाठी गावोगाव विचारत फिरावं लागतं. दिव्याची काच नसली तर गाडी निदान चालते. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटार, गेला की ती जागेवरच बसते.

खालचं बोलणं खामगावातलं आहे. भाचा पुण्याला वाहन उद्योगात नोकरी करतो आणि त्याने जुनी स्टॉर्म विकत घेऊन गावी आणली आहे. मामा एसटीच्या डेपोत आयुष्यभर इलेक्ट्रिकचं काम करून निवृत्त झाले आहेत. ही दोघं कुणी विशिष्ट माणसं नव्हेत. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीबद्दल गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारे दोन पक्ष मी त्यांच्या तोंडी घातले आहेत, आणि दोन्हींबद्दल मला आदर आहे.

भाचा : मामा, सेल्फ गेला. बोथ्याच्या घाटात उतारावर ढकलून चालू केली होती. आज अंगणात नुसतं ‘टक’ वाजलं आणि गप्प. मी नवीन मागवतो.

मामा : कुठून मागवशीन?

भाचा : फ्रान्समधून. हे इंजिन तिकडे रेनोच्या ट्विंगोला आणि क्लिओला होतं. आपल्याकडे रेनोने ते दुसऱ्या गाडीत आणलंच नाही. महिंद्राबरोबर लोगन आली तिचं इंजिन वेगळं, नंतरच्या पल्सचं पेट्रोल इंजिन निसानचं. त्यामुळे अकोल्यात दुकानं पालथी घालून उपयोग नाही.

मामा : ते मंग पाहू. आधी सांग, सेल्फच गेला हे तुले कोनं सांगतलं?

भाचा : बॅटरी नवी आहे. ‘टक’ वाजतं, म्हणजे सोलेनॉइड ओढतोय. मोटार फिरत नाही. सरळ आहे.

मामा : टक वाजलं म्हंजे सोलेनॉइडले करंट भेटला, येवढंच. त्याले थोडासा लागते. मोटारीले शंभर-दीडशे अॅम्पिअर लागते, ते भेटले का नाही हे टकवरून कसं समजन? मीटर लाव. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवाले पाह्यजे. चाबी मारल्यावर ९.६ च्या खाली जाऊ नये. गेली तं बॅटरी बसली समज, मंग ते नवी असो का जुनी. आन तुह्या गाडीची बॉडी कायची हाये?

भाचा : फायबरची.

मामा : मंग? मारुतीत, फियाटमंधी बॉडीचा पत्राच अर्थचं काम करते. फायबरातून करंट जाते का बाप्पा? तुह्या गाडीत अर्थ येते तो चासीवरून आन इंजिनले लावलेल्या पट्टीवरून. ते पट्टी सडली, नाहीतं बोल्टाखाली गंज धरला, का सेल्फ मेल्यासारखाच वागते. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हले लाव, दुसरी सेल्फच्या अंगाले, आन चाबी मार. अर्ध्या व्होल्टाच्या वर काटा गेला तं रोग अर्थमंधी हाये, सेल्फमंधी नाही.

भाचा : हे मला सुचलं नव्हतं.

सुचत नाही, कारण जो भाग मिळत नाही त्याच्याकडेच मन आधी धावतं. दुर्मीळ गाडीच्या मालकाला प्रत्येक बिघाडात दुर्मीळ भागच दिसतो. चांगला मिस्त्री उलट्या टोकाकडून सुरू करतो. बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थची पट्टी, चाबीचा स्विच, सोलेनॉइडला येणारी बारीक तार हे सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतं. एवढं निर्दोष ठरल्यावरच सेल्फच्या बोल्टाला पान्हा लावायचा. इथे मी निःसंशय मामांच्या बाजूचा आहे.

पट्टी घासून झाली, बोल्ट चकचकीत झाले. गाडीने किंचित घरघर केली आणि पुन्हा थांबली.

मामा : आता सेल्फवर संशय घेऊ. आन तो पान्हा. दोन ठोके देतो त्याच्या पाठीवर.

भाचा : नको मामा. ठोके नकोत.

मामा : काहून? डेपोत म्या आयुष्यभर हेच केलं. कार्बन झिजून होल्डरमंधी अटकला असला तं ठोक्यानं खाली बसते आन गाडी निघते.

भाचा : तुमच्या बसच्या सेल्फमध्ये फिल्ड कॉइल होती, तांब्याचे वेढे. तिला ठोक्याने काही होत नाही. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत छोट्या गाड्यांच्या कितीतरी सेल्फमध्ये कॉइलऐवजी चुंबक आले. ते फेराइटचे, चिनी मातीसारखे ठिसूळ. ठोक्याने तडा गेला की तुकडा आर्मेचरमध्ये अडकतो, आणि जो सेल्फ दुरुस्त होण्यासारखा होता तो भंगारात जातो. याच्यात कॉइल आहे की चुंबक, हे आपण अजून पाहिलेलं नाही.

मामा : बरं. उघडूनच पाहू मंग.

आणि इथे भाचा बरोबर आहे. ठोक्याची रीत रस्त्यावर अडलेल्या माणसाची आहे, तीही कॉइलच्या सेल्फपुरती. बदली सेल्फ मिळत नसलेल्या गाडीवर ती कधीही वापरू नये.

काढताना दोघांत मतभेद नव्हता. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडायचं, कारण सेल्फच्या मोठ्या तारेला मध्ये फ्यूज नसतो आणि पान्हा चासीला टेकला तर ठिणग्यांचा लोळ उठतो. जॅक आणि घोडे चासीच्या खाली लावायचे, फायबरखाली नव्हे. खराबी पुढे टेबलावर दिसली. कार्बन तळापर्यंत झिजलेले, मागचा बुश अंडाकृती झालेला, सोलेनॉइडच्या तांब्याच्या टिकल्या जळून काळ्या पडलेल्या.

मामा : पाह्य. काय मेलं याच्यात? कार्बन, बुश, टिकल्या. तीनही रोज बदलायच्या वस्तू. आर्मेचर साबूत हाये, दाते साबूत हाये. आन तू फ्रान्सले चिठ्ठी लिवून रायला.

भाचा : या गाडीचे कार्बन खामगावात मिळतील?

मामा : या गाडीचे नाही भेटणार. जरा मोठे भेटतील, दुसऱ्या गाडीचे. कानसेनं घासून मापात आणतो. ध्यानात ठेव, आल्टरनेटरचा कार्बन लावाचा नाही. सेल्फच्या कार्बनमंधी तांबं जास्त असते, म्हणून तो लालसर दिसते. काया कार्बन लावला तं येवढा करंट त्याच्यातून जाणारच नाही. बुश लेथवाल्याकडून गनमेटलचा करून आणू, आन बसवाच्या आधी तेल लावू. कम्युटेटर लेथवर हलकासा फिरवला का झालं.

भाचा : आणि उद्या आर्मेचर जळलं तर? बुलढाणा जिल्ह्यात दर दोन मैलांवर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. ते भरून देतील?

मामा : ते विहिरीच्या मोटारी भरतात. त्याइचा हात बारीक तारेवर बसलेला. सेल्फच्या आर्मेचरमंधी जाड तांब्याच्या पट्ट्या असतात, वाकवून खोबणीत बसवाच्या आन कम्युटेटरले पक्क्या जोडाच्या. ते काम यायले सांगतलं तं हो म्हनतील, पण करता येईनच असं नाही. ते ज्याचं काम त्यालेच द्या लागते.

दर दोन मैलांवर वाइंडिंगचं दुकान, या वाक्यावर मला थांबावंसं वाटतं. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात स्पोर्ट्स कार दुरुस्त होणार नाही असं पुण्या-मुंबईची माणसं धरून चालतात. पण विहिरींवर आणि जिनिंगवर चालणाऱ्या या भागात तांबं, कार्बन, बुश आणि लेथ यांची जाण जितकी पसरलेली आहे तितकी मोठ्या शहरांच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये उरलेली नाही. तिथे भाग काढतात आणि भाग लावतात. उघडत नाहीत. ज्या गाडीचा भाग बाजारात नाही, तिला उघडणाऱ्या माणसाचीच गरज असते.

भाचा : मामा, दुरुस्ती होईल, मान्य. पण मला तिच्यावर भरवसा ठेवायचा आहे. मेहकरला समृद्धी महामार्गावर चढलो की पुढे थांबायला जागा नाही. सातशे एक किलोमीटरचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा. तिथे गाडी बंद पडली आणि सेल्फने उचललं नाही, तर उतरून ढकलायचं? बोथ्याच्या घाटात ढकलली ते वेगळं. समृद्धीवर ढकलणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. शिवाय ही फ्युएल इंजेक्शनची गाडी. पुन्हा पुन्हा ढकलून चालू केली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. तोही मिळत नाही.

मामा : हे तू खरं बोलला.

भाचा : आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात खामगावला पंचेचाळीस अंश. बॉनेटखालची गरमी घेऊन सेल्फ शंभर अंशांपर्यंत तापला, तर पंचवीस अंशांवर तांब्याचा जो रोध असतो त्याच्या सव्वापटीहून जास्त होतो. करंट कमी, जोर कमी. सकाळी उचलणारा सेल्फ दुपारी ढाब्यावर चहा पिऊन आल्यावर उचलत नाही. झिजलेल्या सेल्फला हे जास्त बाधतं. म्हणून नवा हवा.

मामा : नवा म्हंजे खरंच नवा का रंग देलेला जुना? डेपोत आमी रिकंडिशन केलेलंच युनिट लावाचो. बस उभी ठेवता येत नाही, तं खराब युनिट काढाचं, वर्कशॉपातून आलेलं लावाचं, आन काढलेलं परत वर्कशॉपले. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा, मोठे वर्कशॉप तीन. तठी उघडून, तपासून, भरून देत. त्याच्यावर हजारो बशी धावल्या. रिकंडिशन म्हंजे कमी नाही, कोनं केलं हे पाहा लागते. आन तू जो परदेशातला म्हनतं, तो कोनं केला हे तुले माहीत हाये का?

भाचा : नाही. पण विकणारा हमी देतो. शिवाय जुना सेल्फ परत दिला की पैसे कमी घेतो.

मामा : (टेबलावरून सेल्फ उचलून आपल्याकडे ओढतात.) हा परत द्याचा नाही. नवा आण, दोन आण, पण हा घरातच राह्यन.

भाचा : जुन्याचं काय करायचं?

मामा : याचं थोबाड पाह्य. हे बीडाचं पुढचं तोंड, ज्याच्यातून दाता बाहेर येते. बोल्टाचं अंतर, तोंडाची लांबी, दाता कोन्या बाजूनं उघडा, सोलेनॉइड कोन्या कोनात बसवला, हे सारं या एका तुकड्यात हाये. आतलं सारं भेटते, नाही भेटलं तं करता येते. हे थोबाड करता येत नाही. हे गेलं का गाडी गेली.

मामांचं हे म्हणणं या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं. दुर्मीळ सेल्फ म्हणतात तेव्हा मोटार दुर्मीळ नसते. डीसी मोटारीचं तत्त्व सव्वाशे वर्षांहून जुनं आहे आणि तिच्या आतले भाग एकमेकांशी नातं सांगतात. दुर्मीळ असतं ते गाडीशी जुळणारं तोंड आणि फ्लायव्हीलच्या रिंगशी जुळणारा दाता. हे दोन्ही ज्याच्या हातात आहेत तो कधीच अगदी रिकाम्या हाताचा नसतो. आणि ज्याने ते बदलीत देऊन टाकले, त्याला पुढच्या वेळी कोणताही कारागीर मदत करू शकत नाही.

भाचा : मग तुम्हाला एक विचारतो. माझ्या ओळखीचे एक जण म्हणाले, मारुतीचा सेल्फ घ्या, तोंड लेथवर उतरवा, पट्टी मारून बसवा. मारुतीचा सेल्फ तर चिखलीतही मिळेल, नांदुऱ्यातही. तुम्ही हेच सांगाल असं मला वाटलं होतं.

मामा : सांगणारच होतो. काहून नाही? गाडी चालली पाह्यजे. ट्रॅक्टरवर, जीपवर असे किती सेल्फ बसवले म्या. जे गावात भेटते तेच लावाव. कंपनीचं नाव पाहून का गाडी चालते?

भाचा : या बाबतीत मी ऐकणार नाही. बेंडिक्सचे, म्हणजे सेल्फमधून पुढे येणाऱ्या चाकाचे, दाते आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते एकाच मापाचे हवेत. दाते मोजून भागत नाही, दात्याचा आकारही जुळायला हवा. फिरण्याची दिशा तीच हवी, कारण सेल्फ इंजिनच्या बाजूने बसतो की गिअरबॉक्सच्या, यावर ती बदलते. बेंडिक्स बाहेर आला की दाते पुरते बसले पाहिजेत आणि मागे गेला की रिंगपासून मोकळा राहिला पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर पहिल्याच दिवशी खर्रकन आवाज येतो आणि महिन्याभरात रिंगचे दाते उडतात. रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. ती रिंगही मिळत नाही. स्वस्त सेल्फापायी महाग रोग घरात आणायचा का?

मामा : जीपची रिंग भेटे, म्हणून आमी धकवलं. तुही नाही भेटत, हे खरं.

भाचा : आणि दुसरं. ही गाडी एका भारतीय प्रयत्नाची खूण आहे. गोव्यात बसून माणसांनी स्पोर्ट्स कार बनवायचं धाडस केलं. तिच्यात मी मारुतीचा सेल्फ, तमक्याचा आल्टरनेटर, फलाण्याचा रेडिएटर घालत गेलो, तर उद्या पाहणाऱ्याला ती काय होती हे कळणार कसं?

मामा : उभ्या गाडीवरून काय समजन रे त्याले? धूळ खात अंगणात उभी राह्यली तं ते कोनाले काय सांगन? चालली पाह्यजे. रस्त्यानं लेकरं मागं धावली पाह्यजे. म्या तं म्हणतो, इंजिन निवडलं तेव्हाच चूक झाली. रेनोचं काहून घेतलं? हिंदुस्थान मोटर्सचं घेतलं असतं तं आज अॅम्बेसेडरच्या दुकानात सेल्फ भेटला असता.

भाचा : तसंही एकाने केलंच आहे. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने चिंकारा रोडस्टर बनवली. जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची, दोघांची, उघडी. तिला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन. तेच कंटेसाला होतं, तेच अॅम्बेसेडर १८०० ला. अॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ ला थांबलं, पण टॅक्सीवाल्यांनी ती इतकी वर्षं चालवली की सुट्या भागांचा साठा अजून पेठेत निघतो. चिंकाराच्या मालकाला सेल्फची चिंता नाही.

मामा : मंग हेच तं म्या म्हनतो!

भाचा : पण स्टॉर्मला ते जड इंजिन चाललं नसतं मामा. तिचा सगळा जीव हलकेपणात आहे. पुण्याच्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारलाही इंजिन बाहेरचंच घ्यावं लागलं. २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ती दाखवली तेव्हा सगळ्यांनी डोळे विस्फारले. दोन लिटरचं टर्बो इंजिन सीटच्या मागे बसवलेलं, तेही रेनोचंच. तेही इंजिन आपल्या रस्त्यावरच्या नेहमीच्या गाड्यांत नाही. चांगली स्पोर्ट्स कार हवी तर चांगलं इंजिन जिथे आहे तिथून आणावं लागतं. हा दोष आराखडा करणाऱ्याचा नाही.

मामा : दोष नाही म्हनत. पण ज्यानं विकली त्यानं पुढची तजवीज केली का? एसटीनं गाडी घेतली का संगं स्पेअरची यादी येते, कॅटलॉग येते, नंबर येते. तुह्या गाडीसंगं काय आलं?

भाचा : मालकाची पुस्तिका. तीही झेरॉक्स.

इथे वाद दोघांच्या हातून निसटून मोठ्या जागी जातो. कंपनी चालू असते तेव्हा तिला जाब विचारता येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ वाहन कंपन्यांना सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण त्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मिस्त्रीपर्यंत पोचू दिली नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तत्त्व नोंदलं गेलं की गाडी विकल्यावर तिचे भाग कुलपात ठेवणं हा ग्राहकावर अन्याय आहे. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही घेतली. दोन्ही पावलं योग्य दिशेने पडली. पण दोन्हींचा रोख जिवंत कंपनीवर आहे. गाडी बंद झाली, कारखान्याला कुलूप लागलं, तर त्या पोर्टलवर उत्तर द्यायला उरतं कोण?

भाचा : आणि कायदा माझ्या गाडीकडे कसा पाहतो ते ऐका. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरचं वाहन. स्टॉर्म तिथे पोचायला अजून दोन दशकं आहेत. तोवर ती नुसती जुनी कार. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची, आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० ची ५००० रुपये झाली. फी मी भरीन. पण तपासणीला गाडी आरटीओपर्यंत न्यावी लागते. टोचन लावून नेली तर कोण पास करील? एका सेल्फापायी गाडी कागदावरूनच जायची.

मामा : म्हणून म्हणतो, आजच्या आज हा दुरुस्त करू आन चढवू. तुहा परदेशी येईन तेव्हा येईन.

भाचा : आणि आल्यावर?

मामा : आल्यावर तो फडक्यात गुंडाळून फळीवर ठेव. कामाचा हाच.

भाचा : उलटं करू या. नवा गाडीवर, दुरुस्त केलेला फळीवर. मूळ भाग झिजवायचाच कशाला? त्याचं तोंड करता येत नाही असं तुम्हीच म्हणालात.

मामा : फळीवर ठेवलेला सेल्फ बसून खराब होते रे. बुशातलं तेल सुकते, टिकल्यावर काजळी धरते. वापरात राह्यला तं टिकते.

या प्रश्नावर त्यांचं एकमत झालं नाही, आणि मलाही ते होणं जरुरीचं वाटत नाही. माझं मत भाच्याकडे झुकतं. मूळ सेल्फ दुरुस्त करावा, टेबलावर बॅटरी लावून मोकळा फिरवून पाहावा, तेव्हा तो किती अॅम्पिअर खातो ते लिहून ठेवावं, आणि नवा येईपर्यंत तोच वापरावा. नवा आला की मूळचा जपावा, आणि बसून खराब होऊ नये म्हणून अधूनमधून फिरवून घ्यावा. पण नवा येतो कुठून हेही भाच्याने विसरू नये. पहिली ट्विंगो वीस लाखांहून जास्त खपली. फ्रान्समधल्या भंगारवाल्याला तिच्या सेल्फचं काही अप्रूप नाही. इथे जो भाग सापडत नाही तो तिथे ढिगात पडलेला असतो. दोहोंच्या मध्ये आड येतो तो फक्त एक नंबर, सेल्फच्या अंगावर ठोकलेला किंवा चिकटवलेला. गंज चढून तो पुसला गेला की मालक आणि भाग यांची गाठ पडणं अवघड होतं.

छोट्या कारखान्याची गाडी मुळात उसन्या भागांची असते. इंजिन एकाचं, दिवे दुसऱ्याचे, दाराच्या मुठी तिसऱ्याच्या. यात कमीपणा नाही. जगभर लहान कारखाने असंच करतात. पण कोणता भाग कुठल्या गाडीचा, ही यादी कारखान्याच्या कपाटात राहते आणि कारखान्याबरोबर नाहीशी होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे भारतात कोणतंही नवं मॉडेल विकण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं आणि त्या वेळी गाडीचे तांत्रिक तपशील द्यावे लागतात. त्याच वेळी बाहेरून घेतलेल्या प्रत्येक भागाचा उत्पादक आणि नंबर यांची यादीही घ्यावी, आणि मॉडेल बंद झालं की ती सर्वांसाठी खुली करावी. सरकारला यासाठी नवा पैसा लागणार नाही. दुर्मीळ गाडीच्या मालकाला मात्र तेवढ्या यादीने अर्धी वाट दिसेल.

ती यादी होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या अंगणात स्टॉर्म असो, कंटेसा असो की पद्मिनी, एक काम येत्या रविवारी करा. गाडी चालती आहे तोवरच सेल्फवरची धूळ पुसून, नंबर वाचून, फोटो काढून ठेवा. बेंडिक्सचे दाते किती, फिरण्याची दिशा कोणती, बोल्टांचं अंतर किती, हे आरसी बुकाच्या पाकिटात लिहून ठेवा आणि तीच गाडी बाळगणाऱ्या दुसऱ्या माणसालाही कळवा. आणि कुणी कितीही सूट देऊ केली तरी जुना सेल्फ बदलीत देऊ नका.